ज्याले शिवाल त्याचे दोन

मी वॉलच्या खड्ड्यात बसलो होतो अन् माझं डोकं रस्त्याच्या खाली होतं, म्हणून मी कोणाले दिसलो नाही. दिसलो असतो तर गोदा तसं बोलली नसती. किंवा बोललीही असती, आता मले तेही पक्कं सांगता येत नाही. पवनीत आमच्या गल्लीच्या तोंडाशी चार फूट खोल खड्डा आहे, विटांनी बांधलेला, वर लोखंडाचं झाकण, आत नळाच्या लाइनचा वॉल. एकोणीस वर्षांपासून मी अशा खड्ड्यांत उतरून राहिलो. लांब दांड्याची चावी लावतो, फिरवतो, गल्लीत पाणी येते. उलटी फिरवतो, जाते. लोक मले वॉलमन म्हणतात. त्या दिवशी वॉल झिरपत होता, तर मी सुतळीले ग्रीस लावून उकिडवा बसून ती गुंडाळत होतो, अन् वर टँकर येऊन थांबला. मले फक्त पाय दिसत होते. ट्रॅक्टरचं मोठं चाक, गुंडांची, म्हणजे पाण्याच्या घागरींची बुडं, बकेटा, अन् बायांचे पाय, चपलीतले, बिनचपलीचे. त्याच्यात गोदाचे पाय होते. बायकोचे पाय नवऱ्याले ओळखू येतात, चेहरा रोज नीट पाह्यला नाही तरी.

नदी गावाच्या उशाशी आहे आमच्या, पण यंदा धार पलीकडच्या काठाले सरकली. जिथून आमची मोटर पाणी ओढते तिथं रेती उघडी पडली. मशिनीनं रेतीत नाली खोदून पाणी इकडे आणलं, पण ते किती येणार. म्हणून तीन दिवसांतून एकदा नळ, तोही गल्लीले वीस मिनिटं, अन् बाकी दिवस टँकर. टँकरवाला लिलाधर. लाखांदूरकडचा, धान पिकवणाऱ्या घरचा, पस्तीस-छत्तीसचा असन. उन्हाळ्यात वावरात काम नाही, तर ट्रॅक्टरले टाकी जोडून आमच्या गावात पाणी वाटते. गळ्यात लाल दुपट्टा. बायांच्या लाइनीत भांडण झालं की हा काहीतरी खेळ काढते, भांडण विसरतात. त्या दिवशीही काढला.

"पाळीनं या वो माय, पाळीनं. ढकलाढकली केली तर नळी बंद. त्यापेक्षा मी विचारतो ते सांगा. समजा तुमच्या हातात असा गुण आला, ज्याले शिवाल त्याचे दोन होणार. जसंच्या तसं दुसरं. पण एकच वेळा, मंग गुण खतम. पाण्यासाठी तुम्ही काय शिवाल?"

"तुझा टँकर शिवन," कोणीतरी म्हणलं.

"दोन टँकर चालवन कोण? डायवर तं एकच."

"मी हापशी शिवन, कोपऱ्यावरची." ही खुशी होती, आमच्या शेजारची नवी सून.

"ते कोरडी आहे वो खुशी. दोन कोरड्या हापश्या घेऊन काय करशीन, एका हातानं एक, दुसऱ्या हातानं दुसरी?"

बाया हासल्या. एकीनं सासूचं नाव घेतलं अन् लगेच म्हणाली, नाही नाही, तिले तर शिवतच नाही, एकच पुरते. अजून हासल्या. अन् मंग गोदाचा आवाज आला, माझ्या डोक्याच्या अगदी वर.

"मी तर तुलेच शिवन बाप्पा. एक टँकरवर राहील, एक आमच्या घरी राहील."

"घरी तं आहे ना वो एक."

"तो कुठं घरी आहे. तो वॉलवर राहते."

त्याच्यावर जे हासू झालं ते मी आजपर्यंत ऐकून राहिलो. लिलाधर मोठ्यानं हासला नाही, तेच मले जास्त लागलं. मोठ्यानं हासला असता तर गंमत झाली असती, उडून गेली असती. तो हळू बोलला, "वहिनी, गुडघा कसा आहे? थांबा, गुंड मी उचलून देतो." अन् त्याचे बूट गोदाच्या पायांजवळ आले, गुंड जमिनीवरून वर गेला, गोदाचे पाय निघून गेले. माझ्या हातातली सुतळी सुटून चिखलात पडली. खड्ड्यात एक बेडूक होता, एवढासा, तो माझ्याकडं पाहून राहिला होता. मी त्याले म्हणलं, पाहतो काय बे.

गुडघा. कोणता गुडघा? मी सायकल हातात धरून घरापर्यंत पायी आलो तर साऱ्या रस्त्यानं माझ्या डोक्यात तेवढंच होतं. बाकीचं बोलणं मी बाजूले सारू शकत होतो. लाइनीत उभं राहिलं की बाया बोलतात, उन्हात तेवढाच विसावा. पण गुडघ्याचं बोलणं गमतीचं नव्हतं. त्याले माहीत होतं. मले माहीत नव्हतं. जेवायले बसलो, गोदानं भात वाढला, वरण वाढलं, झिंग्याची भाजी वाढली, अन् उठताना तिनं भिताडाले हात लावला. डावा. डावा गुडघा. मी पाह्यलं अन् विचारलं, "गुडघा दुखते का तुझा?"

"कोणी सांगतलं?"

"असंच."

"दोन वर्षं झाले दुखून राहिला," ती म्हणाली अन् ताट घेऊन मोरीकडं गेली. रागानं नाही. राग असता तर मले काही बोलता आलं असतं.

दुपारी खाटेवर पडलो. पंखा गरम हवा फेकत होता. डोळे मिटले की लाल दुपट्टा. म्हणून मी ते पाण्यावर नेलं. म्हणलं, खेळच आहे ना, मंग आपणही खेळू, अन् नीट खेळू, कारण या गावात पाण्याचं माझ्यापेक्षा जास्त कोणाले समजते. शाळा मी चौथीपर्यंत केली, पण कोणत्या गल्लीत किती इंची पाइप आहे, कुठं चढ आहे, कुठं हवा अटकते, हे मले विचारा. तर शिवायचं काय? गुंड शिवला तर एक गुंड वाढला, दुपारपर्यंत संपला. टाकी शिवावी, ते मोठी, खांबावरची. पण टाकी शिवायची कधी? बायाईले हे कळत नाही. जसंच्या तसं दुसरं होणार म्हणल्यावर, शिवताना ते भरलेलं पाहिजे. अन् आमची टाकी होळीपासून काठोकाठ भरली नाही. अर्धी शिवली तर अर्धी टाकी अजून एक. रिकामी शिवली तर दोन रिकाम्या टाक्या, मंग त्या दुसरीचा रंगही मलेच मारायले सांगतीन. मले माझंच हासू आलं. मंग म्हणलं, नदीच शिवावी. वैनगंगा. पण तीही कधी? आता शिवली तर एका रेतीच्या जागी दोन रेत्या. पुराच्या महिन्यात शिवली तर पवनी गेली वाहून, टाकी गेली, वॉल गेला, अन् लिलाधरचा टँकरही गेला, हे मले बरं वाटलं. पोहता येते का त्याले? धानवाले लोक ते, धानाच्या बांदीत गुडघाभर पाण्यात उभे राहतात, नदीत उतरायचं म्हणलं की देवाचं नाव घेतात. आम्ही ढिवर. माझा बाप डोंगा चालवत होता. मले चालता यायच्या आधी पोहता आलं. हे मी खाटेवर पडून मोजत होतो, जसं कोणी मले विचारलंच होतं, की तुमच्या दोघांत चांगला कोण.

अन् नदी दोन झाली तर दुसरी नदी ठेवायची कुठं? तिले तिची रेती पाहिजे, तिचा काठ पाहिजे, तिची डांगरवाडी पाहिजे. तिथं माझं मन अटकलं. लग्न झाल्यावर पहिले पाच-सहा उन्हाळे आम्ही नदीच्या रेतीत वाडी लावत होतो, डांगर, टरबूज, काकडी. धार दूर जायची, तर प्यायले पाणी कसं, तर रेतीत झिरा खोदायचा. कोपरापर्यंत हात जाईल एवढा खड्डा, अन् बसून राहायचं. पाणी आपोआप बुडातून वर येते, आधी गढूळ, मंग निवळते. गडव्यानं काढायचं, जेवढं काढलं तेवढं परत येते. पण वेळ लागते. त्या वेळात दुसरं कामच नसते. गोदा तिकडच्या बाजूनं बसायची, मी इकडच्या, मधी तो झिरा. ती बोलायची. काय बोलायची ते मले एक शब्द आठवत नाही, इमान सांगतो, पण तिचं बोलणं पाण्यावर पडून वर यायचं ते आठवते. अन् मी हासायचो. मी, जो आता वॉलवर राहते, तो. तर दुसऱ्या नदीत दुसरी गोदा असणार, वीस वर्षांची, झिऱ्यापाशी बसलेली, अन् तिच्या समोर कोण बसलेलं असन? मी खाटेवरून उठून बसलो. मले तो समोर बसलेला दिसला अन् त्याच्या गळ्यात दुपट्टा नव्हता. तो मीच होतो. अन् मले त्याचा असा राग आला, का सांगू.

मंग मी ते शेवटचं केलं, जे करायले नाही पाहिजे होतं. मी मलेच शिवलं. एक धनीराम वॉलवर, एक घरी. हे तर सरळ होतं, गोदाले तेच पाहिजे होतं ना, घरी एक माणूस. पण तो घरचा धनीराम मले पटेना. तो गरम भात खाते, मी दोन वाजता थंडा खातो. त्याचे हात ग्रीसचे नाहीत. त्याले गोदा काही सांगते अन् तो ऐकते. कोणता गुडघा ते त्याले माहीत आहे, तेल गरम करून आणते तो. मी घरी आलो तर ते दोघं बोलता बोलता गप होतात. माझ्याच तोंडाचा, माझ्याच मिशीचा माणूस दारात येऊन मले म्हणते, काय भाऊ, पाणी सोडलं का? मी त्याले चावीनं हाणलं असतं. लिलाधरचा मले राग होता तो एवढासा. याचा जास्त होता, कारण याच्यात अन् माझ्यात काहीच कमी-जास्त नव्हतं. तो फक्त घरी होता.

असे दोन दिवस गेले. गोदा नेहमीसारखी होती. टँकर यायचा, भोंगा द्यायचा, ती केसांवरून हात फिरवून पदर घ्यायची अन् जायची. आधीही असाच हात फिरवायची का? मले मालूम नाही, मी आधी पाह्यलंच नव्हतं. परत यायची तर गालावर हासण्याचं काहीतरी उरलेलं राहायचं, पाणी ओतून घेतल्यावर गुंडाले ओल राहते तसं. गुड्डीचा फोन आला, पोरगी आमची, लाखांदूरले देली आहे. गोदा तिले सांगत होती, अवो तो टँकरवाला तुमच्याच तिकडचा आहे, लय बोलते बिचारा. बिचारा. मी भिताडाकडं तोंड करून पडलो.

तिसऱ्या दिवशी नळाची पाळी. सकाळी टाकीवर गेलो, पट्टीवर पाह्यलं, पाणी बेताचं होतं, सगळ्या गल्ल्यांले वीस-वीस मिनिटं बरोबर पुरलं असतं. सगळ्यांत शेवट टेकडीवरल्या गल्लीचा राहते. ते उंचावर आहे, आधीचे सगळे वॉल बंद केल्याशिवाय तिकडं पाणी चढत नाही. मी एक एक गल्ली उरकत आलो अन् आमच्या गल्लीचा वॉल उघडला. वीस मिनिटं झाली. मी घड्याळ पाह्यलं. चावी वॉलवर बसवलेली होती, माझे दोन्ही हात तिच्यावर होते. अन् मले असं वाटलं, का माझ्या हातात गुण आहे. खरोखर आहे. लिलाधर नुसता बोलते, मी करू शकतो. वीसचे चाळीस. जसंच्या तसं दुसरं. अन् मंग आज आमच्या गल्लीले टँकर लागणार नाही.

मी चावी काढून खांद्यावर घेतली अन् बाहेर येऊन गल्लीच्या कोपऱ्यावर उभा राहिलो. नळ चालूच होते. आधी बायाईले विश्वास बसला नाही, त्या घाईनं भरत होत्या, मंग हळूहळू त्यांचे हात ढिले पडले. ड्रम भरले. टोपल्यांवरची धूळ धुतली कोणी. खुशीनं ओट्यावर पाणी मारलं. गोदानं गोधडी काढली, सहा महिन्यांपासून धुतली नव्हती ते, अन् दारात दगडावर आपटत होती, पातळ गुडघ्यापर्यंत भिजलेलं. मले पाहून म्हणाली, "आज लय वेळ येऊन राहिलं वो."

"येते कधी कधी," मी म्हणलं.

टँकर आला. भोंगा देला. कोणी गेलं नाही. परत भोंगा. खुशी दारातूनच ओरडली, आज नाही लागत लिलाधरभाऊ, आज नळालेच लय आलं. तो इंजन चालू ठेवून थोडा वेळ थांबला, मान काढून गल्लीत पाह्यलं. गोदा गोधडी पिळत होती, तिनं मान वर केली नाही. गेला तो. मले तोंडात गूळ ठेवल्यासारखं झालं. मी मोबाइल काढला, पाणी-पुरवठ्याचा ग्रुप आहे आमचा, त्याच्यात बोलून टाकलं: टेकडी गल्ली, टाकी रिकामी झाली, आज पाणी येणार नाही. असं तर होतेच कधी. मोटर बसते, लाइट जाते. एकोणीस वर्षांत मी कोणाचं थेंबभर इकडं-तिकडं केलं नव्हतं, म्हणून कोणी मले विचारलंही नाही.

घरी जेवायले आलो तर दाराले कडी. शेजारी खुशी भांडे घासत होती.

"काकू टेकडीवर गेल्या. सीताबुढीच्या घरी पाण्याचा थेंब नाही म्हणे, दोन गुंड घेऊन गेल्या. तिकडं टँकर लागला आहे ना आता."

सीताबाई म्हणजे गोदाची मावशी लागते, ऐंशीच्या पुढची, एकटी राहते. गुड्डीच्या वेळेस गोदाचं बाळंतपण तिनंच केलं. ते वर राहते हे मी विसरलो नव्हतो. आमचा वॉल उघडा ठेवताना मले ते माहीत होतं, पण ते माहीत असणं कुठंतरी दूर होतं, अन् दुपट्टा जवळ होता.

टेकडीची गल्ली अशी चढाची, का ट्रॅक्टर वर जात नाही. तो खाली उभा होता, अन् बाया भरून भरून वर वाहत होत्या, भर बाराच्या उन्हात. गोदा चढत होती. डोक्यावर एक गुंड, कमरेवर एक, उजवा पाय आधी टाकायची, मंग थांबायची, मंग डावा त्याच्याजवळ आणायची. लिलाधर नळी धरून होता अन् तिच्या पाठीकडं पाहून राहिला होता. मी पाह्यलं तो पाहून राहिला ते. त्याच्या पाहण्यात वाईट काही नव्हतं, हे मी आज सांगू शकतो. त्या वेळेस मले फक्त एवढं कळलं, का हिले इथं मीच पाठवलं. माझ्या हातानं. आमच्या गल्लीतून उठवून टेकडीवर, याच्याजवळ.

सीताबुढी दारात बसून बोलत होती, तिचा आवाज अजून खणखणीत आहे. "वॉलमनच्या हाताले झालं काय म्हणते मी? पहाटेपासून नळाखाली बकेट लावून बसली. नळ नुसता सू सू करते. आमची गल्ली काय गावाच्या बाहेर आहे?"

"अवो बुढीमाय, त्याचा काय दोष," लिलाधर खालून म्हणाला. "टाकीच रिकामी होती. धनीरामभाऊ कोणाचं पाणी मारणारा माणूस नाही. मी तीन महिन्यांपासून पाहून राहिलो, घड्याळ लावून सोडते तो."

गोदा सीताबुढीच्या दारात गुंड उतरवत होती. तिनं मले पाह्यलं होतं. तिनं गोधडी धुतली होती त्या दिवशी, तिले पाण्याचा हिशोब सांगायची गरज नव्हती. ती माझ्याकडं पाहत होती अन् तो माणूस माझी बाजू घेत होता, माझंच खोटं घेऊन. मले वाटलं, याच्यापेक्षा त्यानं मले शिव्या देल्या असत्या तर बरं. त्यानं चांगलं असणंही माझ्यासाठी ठेवलं नाही.

"सकाळी टाकी रिकामी नव्हती," मी म्हणलं. "मी तुमचा वॉल उघडलाच नाही."

बाया थांबल्या. सीताबुढीनं कपाळावर हात धरून मले पाह्यलं, जसं मी दूर उभा होतो. "काहून, बापा?"

मी म्हणलं, "आमच्या गल्लीत जास्त सोडलं."

"मंग त्याईचं भरलं. आता आमचं?"

"पुढच्या पाळीचं आमच्या गल्लीचं पाणी तुमच्या गल्लीले देतो. सगळं. तुमची वीस, आमची वीस, चाळीस मिनिटं."

एक बाई बोलली, याले काय माणूस म्हणावं. दुसरी बोलली, ग्रुपवर टाका, ऑफिसले जाऊ द्या. मी मान हलवली, टाका म्हणलं. लिलाधर नळी हातात धरून तसाच होता, पाणी वाहून चाललं होतं जमिनीवर, मंग त्याच्या ध्यानात आलं, त्यानं बंद केली. अन् म्हणाला, अगदी साध्या मनानं म्हणाला, "मंग त्या दिवशी तुमच्या गल्लीत मी येतो ना टँकर घेऊन, दोन फेऱ्या मारतो. काळजी नका करू भाऊ."

मी नळीखालचा गुंड उचलला. दुपार उतरेपर्यंत मी वर वाहत राहिलो. तो भरायचा, मी न्यायचो. तो काहीबाही बोलायचा, मी पुढचा गुंड नळीखाली ठेवायचो. त्याच्या अंगाले डिझेलचा अन् घामाचा वास होता, साधा, कोणत्याही माणसाले येते तो. बाया मले रस्ता देत होत्या पण बाजूले सरकून, जसं मी काही सांडवत जाऊन राहिलो.

उतरताना गोदा माझ्या मागं होती. मी सायकल धरून हळू चाललो. मंग थांबलो अन् म्हणलं, "मागं बस."

"चढ नाही, उतार आहे. चालते मी."

थोडं गेल्यावर ती म्हणाली, "काहून केलं तुम्ही?"

"टँकर आपल्या गल्लीत नाही आला पाहिजे म्हणून."

चपलीचा आवाज येत होता, एक लांब, एक आखूड.

"तू त्याले दोन करणार होती," मी म्हणलं. "मी खड्ड्यात होतो. ऐकलं मी."

मले वाटत होतं, ती म्हणन, अवो, गंमत होती. मी त्याच्यासाठी जागा ठेवली होती मनात. ती म्हणाली नाही. आम्ही देवळाच्या सावलीपाशी आलो तर ती उभी राहिली, गुडघा चोळला.

"म्हणलं मी," ती म्हणाली. "सगळ्या हासल्या. मलेही हासू आलं. घरी येईपर्यंत बरं वाटत होतं."

"किती बरं?"

तिनं मले पाह्यलं. बऱ्याच दिवसांत तिनं असं पाह्यलं नव्हतं, किंवा मी तिच्याकडं तोंड केलं नव्हतं. "आता तेही मोजून देऊ का?" ती म्हणाली, अन् पुढं चालू लागली. अन् मले झोंबलं, अन् पहिल्यांदा असं वाटलं, का हे झोंबणं कुठं टाकायची जागा नाही, हे घरीच न्यावं लागन, दोघांच्या मधी ठेवावं लागन, जेवताना, झोपताना. त्या रात्री मी तेल गरम केलं. तिनं पाय पुढं केला नाही, मागंही घेतला नाही. मी चोळलं. ती छताकडं पाहत होती. कोणासाठी चोळून राहिलो, तिच्यासाठी का त्या घरच्या धनीरामनं चोळायच्या आधी म्हणून, हे मले कळलं नाही.

पाणी-पुरवठ्याच्या ऑफिसनं बोलावलं, समज देली, कागदावर सही घेतली. पाळीचा दिवस आला. मी सगळ्या गल्ल्या उरकल्या, आमच्या गल्लीपाशी आलो अन् खड्ड्याचं झाकण उघडलं नाही, तसाच पुढं गेलो. ओट्यांवर बाया रिकाम्या गुंडाले टेकून बसल्या होत्या. खुशीनं तोंड फिरवलं. गोदा दारात होती, विंचरलेली, धुतलेलं पातळ, दोन गुंड पायापाशी. टँकरची वाट पाहत होती, बाकीच्या बायांसारखी. मी सायकलवरून उतरलो नाही. तिनं हात वर केला नाही. फक्त म्हणाली, "आधी हवा काढा, नाही तर मावशीपर्यंत चढत नाही." हे मले एकोणीस वर्षांपासून माहीत होतं, तरी मी मान हलवून हाव म्हणलं.

टेकडीखालच्या खड्ड्यात उतरलो. चावी बसवली. वर चाळीस मिनिटं सोडायची म्हणजे चाळीस मिनिटं तिथंच उभं राहायचं, कारण चढावर दाब हालते, हात सोडता येत नाही. मी फिरवायले लागलो अन् तेवढ्यात खालच्या रस्त्यानं ट्रॅक्टर गेला. दिसला नाही, आवाजावरून ओळखला. आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यानं भोंगा देला. मी थांबलो. तिथून आमचं घर दूर आहे, बोलणं ऐकू यायचं कामच नाही, पण मी कान देला. आता बाया लाइनीत लागल्या असतीन. आता त्यानं काहीतरी विचारलं असन. आता गोदाची पाळी. मी ऐकत होतो अन् वॉल अर्धाच उघडा होता, अन् वरून सीताबुढीचा आवाज आला, "धनीराम, येऊन राहिलं का बापा?"

मी चावी पुन्हा फिरवली. पाइपातली हवा आधी सुटली, लांब, अन् तिच्या मागं पाणी चढायले लागलं, अन् त्या आवाजात मले दुसरं काहीच ऐकू आलं नाही.